हायडनच्या संथ मूव्हमेंटमध्ये काय ऐकावे आणि त्या कशा वाजवाव्यात

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन रचनाकार हायडन याच्या सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना) आणि स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीच्या रचना) यांमधल्या वेगवान मूव्हमेंट (रचनेचे स्वतंत्र खंड) आवडतात, पण संथ मूव्हमेंट साध्या आणि काहीशा कोरड्या वाटतात, मोझार्टच्या पियानो काँचेर्टोंमध्ये (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनांमध्ये) मधल्या मूव्हमेंटला जी गाणारी, मनात घर करणारी चाल भेटते, ती इथे सापडत नाही, मग यांत ऐकायचे काय, सुरुवात कोठून करायची, आणि हौशी क्वार्टेटने त्या वाजवायला घेतल्या तर लय किती ठेवायची? मी व्हायोला वाजवते आणि क्वार्टेटवादन शिकवते, त्यामुळे या उत्तरात क्वार्टेटचा भरणा अधिक असेल. तो तसा असण्याला आणखीही एक कारण आहे. हायडनने संथ लयीतले आपले सर्वांत धाडसी विचार, माझ्या मते, चार तंतुवाद्यांसाठीच लिहिले आहेत.

आपले निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. हायडनच्या संथ थीम अनेकदा खरोखरच साध्या असतात. शेजारच्या स्वरांवरून पायरीपायरीने जाणारी, चार-चार बारांच्या (मात्रांच्या ठरावीक गटांच्या) सारख्या ओळींत बसणारी, प्रार्थनागीतासारखी चाल तो पुन्हा पुन्हा निवडतो. मोझार्टच्या ए मेजर काँचेर्टोतला (सूचीक्रमांक के. ४८८), एफ शार्प मायनरचा ॲडाजिओ, म्हणजे संथ मूव्हमेंट, घ्या (मेजर हा स्वरपट्टीचा उजळ प्रकार, मायनर खिन्न): तिथे चाल हेच पात्र आहे, जणू ऑपेराची गायिका रंगमंचावर न येता गाते आहे, आणि तिच्या प्रत्येक लांब उडीत आपण गुंतत जातो. हायडन चाल साधी ठेवतो, कारण ती श्रोत्याला एकदा ऐकून पाठ व्हावी अशी त्याची इच्छा असते. चाल पाठ झाली की तिच्याखालची एखादी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलणे, ती दुसऱ्या वाद्याकडे जाणे, तिच्या दोन ओळींमध्ये अनपेक्षित विराम येणे, किंवा ती दूरच्या स्वरपट्टीत उगवणे, यांतली प्रत्येक गोष्ट ठळक घटना होते. म्हणून त्याच्या संथ मूव्हमेंट ऐकताना लक्ष वरच्या आवाजावर खिळवून ठेवले तर हाती थोडेच लागते. ते खाली, बास म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाकडे आणि मधल्या आवाजांकडे न्यावे लागते.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला ‘एम्परर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओपस (प्रकाशित संच) ७६ क्रमांक ३ या क्वार्टेटची दुसरी मूव्हमेंट. व्हिएन्नात राज्य करणारा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रान्झ याच्या वाढदिवशी, १२ फेब्रुवारी १७९७ रोजी, पहिल्यांदा गायल्या गेलेल्या हायडनच्याच राजस्तुतिगीताची चाल इथे थीम म्हणून येते. हीच चाल आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे. व्हेरिएशन, म्हणजे त्याच थीमची बदललेली आवृत्ती, म्हटले की चालीवर नक्षीकाम चढवायचे, हा त्या काळचा रिवाज. हायडन चारही व्हेरिएशनमध्ये चालीला जवळपास हात लावत नाही. पहिल्या व्हेरिएशनमध्ये ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते. पहिले व्हायोलिन तिच्याभोवती जलद स्वरांची वेल चढवते आणि व्हायोला व चेलो पूर्ण गप्प राहतात. मग ती चेलोकडे, नंतर व्हायोलाकडे, आणि शेवटी परत पहिल्या व्हायोलिनकडे येते. या शेवटच्या फेरीत हार्मनी (चालीखालच्या कॉर्डची गुंफण) इतकी दाट आणि अर्धस्वरांनी भरलेली होते की तीच चाल आता वेगळ्या वयाची वाटते. व्हायोलावादक म्हणून तिसऱ्या व्हेरिएशनबद्दल मला पक्षपात आहे. तिथे व्हायोलाने चाल ठामपणे म्हणायची असते आणि इतर तिघांनी तिच्याभोवती आपापल्या वाटेने सरकायचे असते. ज्या क्वार्टेटमध्ये तिघे नुसती ‘साथ’ करतात, तिथे ही मूव्हमेंट कंटाळवाणी होते आणि दोष मात्र हायडनला मिळतो. १८०९ च्या मे महिन्यात, नेपोलियनचे सैन्य व्हिएन्नात असताना, म्हातारा हायडन ही चाल रोज पियानोवर वाजवत असे, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तो वारला.

ही साधेपणाची जाण त्याच्यात एकाएकी आलेली नाही. १७६१ पासून तो एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीत होता, आणि राजपुत्र निकोलाउसने हंगेरीत बांधलेल्या एस्टरहाझा प्रासादात त्याचे बरेचसे आयुष्य व्हिएन्नापासून दूर गेले. १७७० च्या आसपासच्या सिंफनींमध्ये त्याने संथ मूव्हमेंटसाठी व्हायोलिनवर म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) चढवण्याचा परिणाम पुन्हा पुन्हा वापरून पाहिला. ई मायनरमधल्या ४४व्या सिंफनीत तर मिन्युएट (तीन मात्रांच्या नाचाची मूव्हमेंट) दुसऱ्या जागी आणून ॲडाजिओ तिसरा ठेवला आहे, म्हणजे दोन मायनर मूव्हमेंटचा ताण सोसल्यावरच ई मेजरचा तो मंद उजेड मिळतो. १७७२ च्या ‘फेअरवेल’ सिंफनीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते: वादकांना घरी जायचे होते, राजपुत्र मुक्काम हलवीना, म्हणून शेवटच्या ॲडाजिओत एकेक वादक आपला भाग संपवून उठून जातो आणि अखेरीस म्यूट लावलेली दोन व्हायोलिन उरतात. गोष्टीच्या गमतीत एक महत्त्वाची बाब हरवते. वेगवान शेवटाची सवय असलेल्या श्रोत्यांसमोर सिंफनी संथ लयीत संपवणे, आणि तेही एफ शार्प मेजरसारख्या त्या काळच्या ऑर्केस्ट्राला जवळपास अपरिचित असलेल्या स्वरपट्टीत, हे रचनेच्या दृष्टीने विनोदापेक्षा कितीतरी मोठे पाऊल होते. ओपस ५४ क्रमांक २ या सी मेजर क्वार्टेटमध्ये, १७८८ च्या सुमारास, त्याने हेच धाडस कोणत्याही गोष्टीचा आधार न घेता पुन्हा केले. तिथे शेवटची मूव्हमेंटच ॲडाजिओ आहे, मध्ये एक प्रेस्टो (अतिजलद भाग) चमकून जातो आणि पुन्हा ॲडाजिओ येतो.

त्याच क्वार्टेटची दुसरी मूव्हमेंट, सी मायनरमधला छोटा ॲडाजिओ, आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देते. खालची तीन वाद्ये प्रार्थनागीतासारखी अगदी सरळ चाल जाड, खालच्या आवाजात म्हणत राहतात, आणि तिच्यावर पहिले व्हायोलिन मोकाट सुटते: तालाच्या मागे-पुढे पडणारे, हंगेरीतल्या रोमा वादकांची आठवण करून देणारे, रडवेले स्वरसमूह. ते ऐकताना आयत्या वेळी सुचल्यासारखे वाटते, पण त्यातला प्रत्येक स्वर आणि प्रत्येक उशीर हायडनने कागदावर लिहिलेला आहे. चाल आणि भाव यांची त्याने इथे चक्क फारकत केली आहे. चाल खाली स्थिर उभी आहे आणि भाव वर भटकतो आहे.

याच्या सोळा वर्षे आधीच्या ओपस २० मध्ये याचे बीज दिसते. एफ मायनरमधल्या पाचव्या क्वार्टेटचा ॲडाजिओ सिसिलियाना या डुलत्या लयीत, एफ मेजरमध्ये आहे, आणि त्यात एका ठिकाणी हायडनने पहिल्या व्हायोलिनसाठी लॅटिनमध्ये सूचना लिहिली आहे, ‘पेर फिगुराम रेटार्डात्सिओनिस’. खालची हार्मनी पुढे सरकली तरी व्हायोलिनचा स्वरगुच्छ आधीच्या हार्मनीत रेंगाळतो आणि उशिरा पोचतो. नवशिका वादक हे पाहून सगळ्यांनाच थांबवतो, आणि मग तो परिणाम नाहीसा होतो. खालच्या तिघांनी घड्याळासारखे चालत राहिले तरच वरच्याचा उशीर कानाला कळतो. माझ्याकडे हिंदुस्थानी गायकी शिकून व्हायोलिनकडे आलेले विद्यार्थी या जागेला लवकर पकडतात, कारण ठेका न हलवता गायकाने मागे रेंगाळणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. तेच विद्यार्थी संपूर्ण ॲडाजिओ विलंबित ख्यालाच्या अंदाजाने वाजवू लागले की मात्र गोंधळ होतो. ख्यालात आवर्तनाच्या पोटात विस्ताराला जागा असते आणि लय पुढे वाढतही जाते. इथे लय तीच राहते आणि हार्मनी किती लवकर बदलते, यावर सगळी हालचाल अवलंबून असते.

संथ लयीची सर्वांत अवघड परीक्षा हायडनला स्पेनमधून आली. काडिझ शहरातल्या सांता क्वेव्हा या प्रार्थनास्थळासाठी, गुड फ्रायडेच्या विधीकरिता, क्रूसावरच्या येशूच्या सात अंतिम वचनांवर वाद्यसंगीत रचण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि १७८६–८७ च्या सुमारास त्याने ते पूर्ण केले. पुढे १८०१ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने त्या विधीचे वर्णन केले आहे: भिंती, खिडक्या आणि खांब काळ्या कापडाने झाकलेले, मध्ये टांगलेला एकच मोठा दिवा, दुपारी दारे बंद करून घेतलेली; बिशप एकेक वचन उच्चारून त्यावर बोलत, मग खाली उतरून वेदीपुढे गुडघे टेकत, आणि त्या अवकाशात संगीत वाजे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे सात ॲडाजिओ एकामागून एक रचायचे आणि श्रोत्यांना शिणवायचे नाही, हे काम सोपे नव्हते, असे तो तिथे स्पष्ट म्हणतो. प्रास्ताविक, सात संथ सोनाटे (इथे वाद्यखंड) आणि शेवटी प्रेस्टोतला भूकंप, अशी ही रचना आहे. मूळ ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली ही रचना त्यानेच १७८७ मध्ये क्वार्टेटसाठी बसवली, आणि पुढे तिचे शब्दांसह ओरातोरिओतही (गायक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या धार्मिक रचनेत) रूपांतर केले.

कंटाळा टाळण्यासाठी त्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक सोनाट्याची पहिली ओळ त्या त्या लॅटिन वचनाच्या उच्चाराला बसेल अशी आहे. छापील प्रतीत ते शब्द पहिल्या व्हायोलिनच्या ओळीखाली दिलेले आहेत. लय सगळीकडे संथच, पण स्वरपट्ट्या एकमेकींपासून दूर ठेवलेल्या: बी फ्लॅट मेजर, सी मायनर, ई मेजर, एफ मायनर, ए मेजर, जी मायनर, ई फ्लॅट मेजर. सी मायनर आणि जी मायनरचे सोनाटे मेजरमध्ये संपतात. ‘मला तहान लागली आहे’ या पाचव्या वचनाच्या सोनाट्यात बाकीची वाद्ये पिझ्झिकाटोवर (तारा बोटाने छेडून) कोरडे, तुटक स्वर टाकत असताना दोन स्वरांची उतरती हाक वर येते, आणि मग त्या कोरडेपणावर अचानक जोरदार, घासून वाजवलेले स्वर आदळतात. शेवटच्या सोनाट्यात व्हायोलिनवर म्यूट चढतात, म्हणून त्यापाठोपाठ येणारा भूकंप दुप्पट मोठा वाटतो. मूळ विधीत प्रत्येक वचनानंतर प्रवचन असे. मैफलीत हे सात सोनाटे सलग वाजवले जातात, आणि ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याने एका बैठकीत दोन-तीनच ऐकावेत, असे मी सुचवीन. ही पळवाट आहे असे मला वाटत नाही, कारण रचनाकाराने त्यांच्यामध्ये मोकळा अवकाश गृहीत धरलेला होता.

आता स्वरपट्ट्यांविषयी, कारण उतारवयातल्या हायडनचे संथ विचार मुख्यतः तिथेच दडलेले आहेत. त्या काळच्या नेहमीच्या चार मूव्हमेंटच्या रचनेत संथ मूव्हमेंट जवळच्या स्वरपट्टीत असे: मूळ सी मेजर असेल तर एफ किंवा जी. हायडन १७९० च्या दशकात ही वहिवाट वारंवार मोडतो. जी मायनरमधल्या ओपस ७४ क्रमांक ३ या क्वार्टेटचा लार्गो (अतिसंथ मूव्हमेंट) ई मेजरमध्ये आहे. ई फ्लॅट मेजरमधल्या ९९व्या सिंफनीचा ॲडाजिओ जी मेजरमध्ये आहे. १७९४ मध्ये पियानोवादक थेरेझ यान्सेनसाठी लिहिलेल्या ई फ्लॅट मेजरच्या मोठ्या सोनाट्याचा ॲडाजिओ ई मेजरमध्ये आहे, म्हणजे फक्त अर्धा स्वर वर, आणि तरीही नात्याने फारच दूर. हा लहरीपणा नाही. त्या सोनाट्याच्या पहिल्या मूव्हमेंटच्या मधल्या भागात ई मेजर थोडा वेळ डोकावून जातो, आणि लक्ष देणाऱ्या कानाला पुढे त्याचे येणे पटते. पहिली मूव्हमेंट संपल्यावरची पहिली संथ कॉर्ड ऐकताना आपण नकळत दुसऱ्या खोलीत आल्यासारखे वाटते, ते यामुळे. म्हणूनच यूट्यूबवर किंवा प्लेलिस्टमध्ये संथ मूव्हमेंट सुटी काढून ऐकणे हा हायडनवर अन्याय आहे. मोझार्टची संथ मूव्हमेंट सुटी ऐकली तरी बरीच टिकते. हायडनच्या बाबतीत आधीच्या मूव्हमेंटची निदान शेवटची दोन मिनिटे ऐकल्याशिवाय पहिल्याच कॉर्डचा अर्थ लागत नाही.

ओपस ७६ क्रमांक ५ चा लार्गो या वाटेवरचे शिखर आहे. क्वार्टेट डी मेजरचा, लार्गो एफ शार्प मेजरचा, सहा शार्पांचा (शार्प म्हणजे स्वर अर्ध्याने चढवणारी खूण). वर सूचना ‘कांताबिले ए मेस्तो’, म्हणजे गाता आणि खिन्न. जर्मन भाषक वादकांमध्ये हा क्वार्टेट ‘प्रसिद्ध लार्गोचा क्वार्टेट’ म्हणूनच ओळखला जातो. एफ शार्प मेजरचे सात स्वर मोजून पाहिले तर त्यांत व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई यांपैकी एकही मोकळी तार बसत नाही, आणि व्हायोला व चेलोची सी तारही बसत नाही. डी मेजरमध्ये वाजवताना मोकळ्या तारा न छेडताही आपोआप गुंजतात आणि सगळ्या वाद्यांना चमक येते. इथे ते गुंजन बंद होते, आवाज आतल्या आत राहतो, झाकल्यासारखा. हायडनने म्यूट न लावता म्यूटचा रंग मिळवला आहे. चार जणांचे सूर इथे जुळवणे अतिशय कठीण जाते, कारण मोकळ्या तारेचा आधार कोणालाच नसतो. मी विद्यार्थ्यांना हा लार्गो आधी व्हिब्राटोशिवाय (स्वर न थरथरवता), चेलोच्या सुरावर एकेक कॉर्ड बांधत वाजवायला सांगते. थीम पुन्हा प्रार्थनागीताची. तीच छोटी ओळ मायनरकडे झुकते, दूर जाते, चेलो आणि व्हायोलाकडे उतरते आणि परत येते. ती मुळात काहीतरी आणखी गुंतागुंतीची असती तर आपण या प्रवासात हरवलो असतो.

त्याच संचातल्या सहाव्या क्वार्टेटमध्ये तो याच्याही पुढे गेला. ई फ्लॅट मेजरच्या क्वार्टेटमध्ये ‘फांताझिया’ असे नाव दिलेला ॲडाजिओ बी मेजरमध्ये सुरू होतो, पण पानावर स्वरपट्टीची खूणच नाही. प्रत्येक शार्प आणि फ्लॅट (स्वर अर्ध्याने उतरवणारी खूण) त्या त्या स्वरापुढे लिहिलेला आहे, कारण चाल सारखी नव्या स्वरपट्टीत जाऊन उभी राहते आणि कोठेच घर करत नाही. पाच शार्पांची खूण येते ती बऱ्याच पुढे, बी मेजर कायमचा स्थिरावल्यावर. जो माणूस साठी ओलांडल्यावर, सगळ्या युरोपात मान मिळवल्यावर, असे पान लिहितो, त्याला नुसता ‘पापा हायडन’ म्हणून थोपटणे मला नेहमीच अपुरे वाटले आहे.

सिंफनींबद्दल थोडक्यात. ९४व्या सिंफनीतला तो प्रसिद्ध दचका, २३ मार्च १७९२ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा वाजलेला, हाही खरे तर माझ्या वरच्या मुद्द्याचाच भाग आहे: चाल इतकी बाळबोध, की सोळाव्या बारातली जोरदार कॉर्ड कोणाच्याही ध्यानीमनी नसते. ही मूव्हमेंट आधी त्या कॉर्डशिवायच लिहिली होती, हे हस्तलिखितावरून दिसते. मात्र ती अँडांटे आहे, चालत्या पावलांची. तिच्यावरून हायडनच्या ॲडाजिओंचा अंदाज बांधू नये. त्यापेक्षा ८८व्या सिंफनीचा लार्गो ऐकावा. ओबो आणि एकल चेलो मिळून एक रुंद चाल म्हणतात, आणि ती फारशी न बदलता पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक खेपेला भोवतीची साथ वेगळी. मध्येच ट्रम्पेट आणि टिंपनी (मोठे नगारे) पूर्ण ताकदीने कोसळतात. ही वाद्ये पहिल्या मूव्हमेंटमध्ये एकदाही वाजलेली नसतात, त्यामुळे ती सभागृहात आहेत हेच श्रोत्याला ठाऊक नसते. आजकाल रंगमंचावर ते वादक डोळ्यांसमोर बसलेले दिसतात, एवढीच काय ती उणीव. ९८व्या सिंफनीचा ॲडाजिओ इंग्लंडच्या राजगीताशी जवळीक सांगत सुरू होतो, आणि तो मोझार्टच्या डिसेंबर १७९१ मधल्या मृत्यूनंतर लवकरच लिहिलेला असल्यामुळे अनेक अभ्यासकांना त्यात मित्राची आठवण ऐकू येते. १०२व्या सिंफनीचा ॲडाजिओ तर त्याला स्वतःलाच इतका महत्त्वाचा वाटला असावा की तीच मूव्हमेंट एफ शार्प मायनरच्या पियानो ट्रिओमध्येही (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या रचनेत) आहे. सिंफनीत ती एफ मेजरमध्ये, एकल चेलोच्या सळसळीसह आणि म्यूट लावलेल्या ट्रम्पेटांसह येते. ट्रिओमध्ये अर्धा स्वर वर, पुन्हा त्याच एफ शार्प मेजरमध्ये. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर वाद्ययोजना म्हणजे काय, यावर वेगळा धडा लागत नाही.

पियानो शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे मुंबई, पुणे, गोव्यात परीक्षांच्या निमित्ताने हायडनचे सोनाटे शिकवले जातात, पण विद्यार्थी बहुधा वेगवान मूव्हमेंट उचलतात, आणि संथ मूव्हमेंट ‘सोपी’ म्हणून मागे पडते. १७९० मध्ये हायडनने मारियाने फॉन गेन्झिंगर या व्हिएन्नातल्या आपल्या स्नेही बाईंना ई फ्लॅट मेजरचा एक सोनाटा, आजच्या सूचीतला ४९ क्रमांकाचा, पाठवला आणि पत्रात त्यातल्या ॲडाजिओकडे मुद्दाम लक्ष वेधले: त्यात पुष्कळ अर्थ आहे, तो काहीसा अवघड आहे, पण भावनेने भरलेला आहे, असा त्याचा आशय होता. बाई स्वतः चांगल्या वादक होत्या; त्यांनी मधल्या बी फ्लॅट मायनर भागातली हात ओलांडण्याची जागा बदलून देण्याची विनंती केली. अवघड काय आहे, हे त्यांना नेमके कळले होते.

आता लयीचा प्रश्न. मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राचे पेटंट १८१५ चे, म्हणजे हायडनच्या मृत्यूनंतरचे; या क्वार्टेटांवर त्याचे आकडे असण्याचा प्रश्नच येत नाही. बासरीवादक क्वांट्सने १७५२ च्या आपल्या बासरीवरच्या ग्रंथात माणसाची नाडी मिनिटाला ८० धरून लयी मोजल्या आहेत: चार मात्रांच्या बारात ॲडाजिओ कांताबिलेला एका ठोक्यात एक क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचा स्वर), आणि ॲडाजिओ आसाईला एका क्वेव्हरला दोन ठोके. तो बर्लिनचा आणि आधीच्या पिढीचा, त्यामुळे त्याचे आकडे हायडनवर जसेच्या तसे लादू नयेत; पण संथ लयसुद्धा ठोक्यांत नेमकी मोजली जात होती, एवढे त्यावरून नक्की कळते. आपले कान विसाव्या शतकातल्या रेकॉर्डिंगांवर घडलेले आहेत, आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी हायडनचे ॲडाजिओ इतके ताणलेले असतात की चालीची ओळ तुटते आणि नुसते सुंदर स्वर उरतात.

माझी पद्धत साधी आहे. आधी बारावरची खूण पाहावी. ‘एम्परर’ची संथ मूव्हमेंट आणि ओपस ७६ क्रमांक ५ चा लार्गो, दोन्हींवर आला ब्रेव्हेची खूण आहे, म्हणजे बारात दोन मात्रा मोजायच्या; चार मोजल्या की ओळ तिथेच कोसळते. मग मूव्हमेंटमधले सर्वांत लहान स्वर शोधावेत, विशेषतः व्हेरिएशनमधले किंवा पहिल्या व्हायोलिनचे, आणि ते घाई न करता, तरीही म्हणण्यासारखे वाजतील अशी लय धरून थीमकडे परत यावे. त्यानंतर चेलोने एकट्याने आपला भाग वाजवावा. बासची ओळ ऐकताना पुढची कॉर्ड कोठे जाणार याची उत्सुकता टिकत असेल तर लय बरोबर. बास स्वतंत्र खांबांसारखा उभा राहू लागला तर लय खाली गेलेली आहे. पहिल्या व्हायोलिनला लय ठरवू देणे टाळावे. वरची चाल कोणत्याही लयीत सुंदर वाजवता येते, म्हणून तिच्यावरून काही कळत नाही.

बोचे, म्हणजे गजाचे, नियोजन हा मग पुढचा भाग. अठराव्या शतकातल्या तंतुवाद्यांवर आतड्याच्या तारा आणि हलका बो असे. स्वर उगवून थोडा फुलून मावळे. आजच्या धातूच्या तारांवर प्रत्येक स्वर शेवटपर्यंत सारखा जाड धरला की हायडनची वाक्ये एकमेकांत मिसळतात. व्हिब्राटोविषयी मोझार्टचे वडील लेओपोल्ड मोझार्ट यांनी १७५६ मध्येच, प्रत्येक स्वर सतत थरथरवणाऱ्या वादकांची खिल्ली उडवली आहे. तो पूर्ण सोडावा असे मी म्हणणार नाही, पण तो प्रत्येक स्वरावर आपोआप येऊ नये. अलंकार स्वतः भरावेत का, असे विद्यार्थी विचारतात. हायडनने ते काम बहुतेक वेळा स्वतःच केले आहे: ओपस ३३ क्रमांक ३ च्या ॲडाजिओत पहिला भाग पुन्हा येतो तेव्हा त्याने पुनरावृत्तीची खूण न घालता सजवलेली आवृत्ती पूर्ण लिहून दिली आहे. जिथे त्याने साधे ठेवले तिथे साधेच राहू द्यावे. विराम मात्र पुरेपूर घ्यावेत. हौशी क्वार्टेटांचा सर्वांत मोठा दोष मला चुकीच्या सुरांपेक्षाही हाच दिसतो की ते लिहिलेली शांतता अर्धीच वाजवतात.

सुरुवात कोठून करावी? मी ओपस ३३ क्रमांक २ च्या लार्गोने करीन. तो व्हायोला आणि चेलो या दोघांच्याच संवादाने उघडतो आणि व्हायोलिने नंतर येतात, त्यामुळे खालचे आवाज ऐकण्याची सवय कानाला पहिल्या बारापासून लागते. मग ‘एम्परर’, तिथे चाल स्थिर धरून भोवती काय बदलते ते मोजण्यासाठी. त्यानंतर ८८व्या सिंफनीचा लार्गो, आणि ओपस ७७ क्रमांक २ चा अँडांटे, ज्यात पहिले व्हायोलिन आणि चेलो यांच्या दोनच उघड्या ओळींतून सुरू झालेली थीम हळूहळू चौघांत पसरते. ओपस ५४ क्रमांक २ आणि ‘सात वचने’ त्यानंतर. ओपस ७६ क्रमांक ५ चा लार्गो शेवटी, आणि तो ऐकताना क्वार्टेट पहिल्यापासून लावावा, लार्गो संपल्यावर रेकॉर्डिंग थांबवूही नये. पुढचा मिन्युएट डी मेजरमध्ये येतो, मोकळ्या तारा पुन्हा गुंजू लागतात, आणि इतका वेळ आवाजातून काय काढून घेतले होते ते त्या पहिल्या बारांत कळते.